नेऱ्याची पोपटी आणि माझा चहा

पनवेलला मुद्दाम राहायला कुणी जात नाही. आमच्या कराडकडची माणसं पनवेल ओळखतात ती मुंबईच्या अलीकडचा थांबा म्हणून. तिथं उतरायचं, वडापाव खायचा आणि पुढची गाडी पकडायची. मी मात्र चांगली आठवडाभर राहून आले, आणि आल्यापासून पेठेतले लोक विचारतात, "वसुधाताई, तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जाताना कंबरेचे काय हाल झाले ते सांगत बसत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी माझ्याविषयी. मी दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि पाय गेले. तरुणपणी कॅलिपर आणि कुबड्यांवर निभावलं, आता चाकाची खुर्ची. खांदेही कुरकुरायला लागलेत, त्यामुळं खुर्ची ढकलायला माणूस लागतं. दहावीच्या मुलांना गणित शिकवते. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहत होतो. आई मागच्या पावसाळ्यात गेली, आणि तेव्हापासून माझा मोठा भाऊ श्रीकांतदादा पुण्याहून मागं लागला, "वसू, घर बंद कर आणि आमच्याकडे ये." दादा वाईट असता तर भांडले असते. पण तो फार चांगला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी त्यानं एक खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. मी पनवेलला निघाले तेव्हा तो म्हणाला, "ये जाऊन. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिथंच गाडी घेऊन येतो, तिथूनच थेट पुण्याला जाऊ." मी मान डोलावली. कराडात एकटीनं राहायचं की पुण्याला जायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि दादाकडे ते तयार होतं.

कामोठे

ज्या मैत्रिणीकडे गेले तिचं नाव नफिसा. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका इस्पितळात आमच्या खाटा शेजारी होत्या. ती पनवेलची, कोकणी मुसलमानांच्या घरातली. लग्नघरी गच्चीवरून पडली आणि कंबरेखालचं सगळं गेलं. भाऊ दुबईला, घर भरलेलं. तरी गेली काही वर्षं ती कामोठ्यात तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि दुकानदारांचे हिशेब कॉम्प्युटरवर करून देते. आईच्या माघारी तिनंच फोनवर सुनावलं होतं, "भावाला जबाब द्यायच्या आधी माझ्याकडे राहून बघ. नंतर पुण्याला जा नाहीतर चंद्रावर जा."

कामोठे म्हणजे नव्या इमारतींच्या रांगा आणि त्यांच्या पोटात बसलेलं जुनं गाव. प्रत्येक इमारतीखाली एक क्लास आणि एक मोबाइलचं दुकान. विमानतळ येणार, विमानतळ येणार, असं त्या वेळी जो तो सांगत होता. हवा घामट, अगदी पौषातसुद्धा. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी दात वाजतात, आणि इथं मी आणलेला स्वेटर बॅगेतून बाहेरच आला नाही.

पहिल्या सकाळी पलंगाशी एक बाई येऊन उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, कासोटा घातलेलं लुगडं. नफिसाची मदतनीस जनाबाय, कामोठे गावातलीच. पन्नाशी उलटलेली असावी, पण खांदे माझ्या भावापेक्षा मजबूत.

"ताई, चाय कशी करू?"

"करा तुम्ही कराल तशी."

"मी करीन तशी नाय. तुमी पिता तशी."

"अहो, कशीही करा."

बाई हलेना. "साखर किती? आलं टाकू का गवती चाय? दूध जास्ती का कमी?"

आतल्या खोलीतून नफिसाचं हसू ऐकू आलं. मी विचारात पडले. मला खरंच सांगता येईना! घरी आईनं केलेला चहा यायचा, मी प्यायचे. पाहुण्यांकडे गेले की यजमान आईला विचारायचे, "हिला साखर चालते ना?" आणि आई उत्तर द्यायची. पायथागोरस झोपेत सांगेन मी, पण स्वतःच्या चहात साखर किती ते माहीत नाही. शेवटी म्हटलं, "थोडी कमी घाला."

"थोडी मंजे?"

असा माझा तास घेतला त्या बाईनं. पहिला कप पाणचट झाला, दुसऱ्या दिवशीचा आल्यानं घशाला झोंबला. तिसऱ्या दिवशी गणित सुटलं. साखर अर्धा चमचा, आलं नको, गवती चहाची दोन पाती. तो कप मी अगदी जीव लावून प्यायले.

पहिल्या दिवशी नाश्त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं ही अगदीच नाजूक, पांढरीशुभ्र, पिठाची उकड काढून केलेली. खाता खाता नफिसानं घरचा कायदा सांगितला. "माझ्या घरात जनाबाय सांगितल्याशिवाय काही करत नाही. शिकवलंय मी तिला तसं. फार मुश्किलीनं शिकली."

"सवय नव्ती ना," जनाबाय भाकरी उलटत म्हणाली. "आजारी मानसाला काय इचारायचं, असा वाटायचा."

"आणि मी आजारीच नव्हते," नफिसा म्हणाली. "नऊ वर्षं भाभीनं मला फुलासारखं ठेवलं, वसू. कधी नहायचं, कधी निजायचं, ईदला कुठला ड्रेस, सगळं तीच बघायची. बिचारी थकून जायची. पाहुणे आले की माझी खाट आतल्या खोलीत. मग इकडे आमच्यासारख्याच खुर्चीवाल्यांचा एक गट भेटला. त्यांनी सांगितलं, बाहेरच्या देशांत आपल्यासारख्या लोकांनी यासाठी मोर्चे काढलेत, सरकारशी भांडलेत. स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं स्वतःच्या हातानं करणं नव्हे म्हणे. मदत घ्यायची, पण ती कशी, कधी, कुणाची, ते आपण ठरवायचं. मला पहिल्यांदा वाटलं, ही माणसं येडी आहेत."

मलाही तसंच वाटत होतं, पण तोंडात भाकरी होती म्हणून गप्प बसले.

बाजार, आणि कुणाची तरी चादर

दुपारी आम्ही तिघी भाजी आणायला गेलो. जनाबाय माझी खुर्ची ढकलत होती, नफिसा आपली खुर्ची स्वतः चालवत रिक्षावाल्यांना बाजूला करत होती. "ओ दादा, रस्ता सगळ्यांचा आहे!" रिक्षावाले तिला ओळखून आहेत, हसून गाडी मागं घेतात. औषधाच्या दुकानाला दोन पायऱ्या होत्या. ती रोज बाहेरून हाका मारून मालकाला रस्त्यावर बोलवायची. महिनाभरानं तो कंटाळला आणि त्यानं फळी टाकली. आता बाळाच्या गाड्याही त्याच फळीवरून जातात आणि मालक ती आपलीच कल्पना म्हणून सांगतो.

भाजीवाल्यापुढं थांबलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जनाबायला विचारलं, "यांना काय पाहिजे?"

जनाबाय वर तारेवर बसलेली कबुतरं बघू लागली.

"मावशी, यांना काय पाहिजे?"

जनाबाय कबुतरांतच रमलेली. ऐकू येत असूनही इतकं छान बहिरं होणारी बाई मी पाहिली नव्हती. शेवटी भाजीवाला नाइलाजानं माझ्याकडे वळला, आणि मी वालाच्या शेंगा मागितल्या. भाव जरा जास्त वाटला तशी घासाघीसही केली. आयुष्यात पहिल्यांदा केली, आणि मजा आली!

संध्याकाळी नफिसानं मला सोसायटीच्या मागच्या अंगणात नेलं. तिथं एक एकटी पायरी आहे. "मला हातांच्या जोरावर खुर्ची चढवता येते, तुला येणार नाही. तुला सांगून चढवून घेता आलं पाहिजे. जनाबाय, ही सांगेल तेवढंच करायचं."

माझी पद्धत आजवर सोपी होती. पायरी आली की दोन बाप्ये मला उचलायचे आणि मी डोळे मिटून घ्यायचे. इथं मला सगळं बोलायला लागलं. खुर्ची उलटी फिरवा. मोठी चाकं पायरीला टेकवा. हँडल खाली दाबा, मला मागं झुकवा, आता ओढा. आणि चढलो! मी इतकी खूश झाले की पुढं सांगायचं राहूनच गेलं. जनाबाय मला झुकलेलीच ठेवून मागं ओढत राहिली. अंगण संपलं, कुंडी पडली, आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या ओल्या चादरीत मी डोक्यापासून गुंडाळली गेले.

"अहो, थांबा की!"

"आता बोललाव!" चादरीपलीकडून आवाज आला. "थांब सांगायला पायजेल ना."

वॉचमन हसून हसून खाली बसला. मीही हसत होते. चादरीवाल्या बाई खाली आल्या, आम्हाला त्या अवस्थेत बघितलं आणि चादर परत धुवायला घेऊन गेल्या.

नेरे

रविवारी नफिसाचा गट नेऱ्याला जाणार होता. नेरे पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही पाच खुर्च्या एका टेम्पोत फळ्यांवरून चढवल्या आणि दोरीनं बांधून घेतल्या. टेम्पो विटा वाहणारा निघाला. उतरलो तेव्हा सगळ्यांच्या पाठी लालभडक झाल्या होत्या आणि रंगपंचमी आधीच उरकल्यासारखी दिसत होती.

यजमान होते किसनभाऊ. तिथले शेतकरी. ऐन तारुण्यात आंब्याच्या झाडावरून पडले, तेव्हापासून मानेखाली काही हलत नाही. मुंडासं बांधून, उंच पाठीच्या खुर्चीत बसून शेताच्या बांधाशी आमची वाट बघत होते. घराला पायऱ्या नाहीत, मातीचा चोपून केलेला उतार आहे, वर शेणानं सारवलेला. त्यावरून माझी खुर्ची इतकी अलगद आत गेली की मला त्या मातीचं कौतुक वाटलं.

त्या दिवशी पोपटीचा बेत होता. आमच्याकडे हुरडा तशी इकडे थंडीत पोपटी. मडक्यात पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. गट गोल करून बसला आणि किसनभाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, मडकं घेऊन खाली बसल्या.

"भांबुर्डीचा पाला अजून घाल," किसनभाऊ म्हणाले. "तळ दिसतंय मला."

वहिनींनी घातला.

"शेंगा आख्ख्या टाक. मीठ चोळलंस का? ओवा? बटाटं मधी नको, कडंला लाव. कोंबडी वर. आता पाला कोंब, कोंब, दाबून कोंब."

जाळ पेटला. वाऱ्यानं एका बाजूला कलायला लागला तसं त्यांनी जाळापाशी बसलेल्या आपल्या भावाला कुठली काटकी कुठं सरकवायची ते सांगितलं. मग ते नाकानं काम करू लागले. डोळे मिटून वास घेत होते. मध्येच म्हणाले, "पानी शिंपड." वहिनींनी मडक्यावर थेंब टाकले, चर्र झालं. "अजून नाय." थोड्या वेळानं परत चर्र झालं. "आता काढा."

मडकं मोकळं केल्यावर जो वास सुटला त्याचं वर्णन करून कराडकरांचा जीव जाळत नाही. पाल्याचा कडसर, रानटी वास शेंगांत मुरलेला. वालाच्या शेंगेला इतकी चव असते हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंडभरून म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!"

सुमनवहिनी नवऱ्याला शेंगा भरवत होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, पण जरा आश्चर्यानं.

"हात माजं हायेत, ताई. पोपटी त्यांची हाय. गावात कुनालाबी इचारा, किसनची पोपटी बोलतात. मी नुसती केली तर शेंगा करपवतंय."

किसनभाऊ शेंग चावत गालात हसले. "करपवते," ते म्हणाले. "खरंच करपवते."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग त्या मडक्याकडे बघत राहिले. या माणसाचं बोटसुद्धा हललं नव्हतं आणि तरी समोरची राख, मडकं, तो वास, सगळं त्याचं होतं. माझे हात चांगले चालतात, मी फळ्यावर वर्तुळं काढते, आणि माझ्या घरातलं माझं काय, तर खडूचा डबा. मला रडू आलं. नफिसानं पाहिलं आणि शेंगांची थाळी माझ्या मांडीवर ठेवली.

परतीच्या वाटेवर, टेम्पोच्या हादऱ्यांत, मी तिला जे खरं होतं ते सांगितलं. "मला भीती वाटते गं. कराडात एकटी असताना बाथरूममध्ये पडले तर?"

"पडशील," नफिसा म्हणाली. "मीपण पडले. जनाबाय येईपर्यंत ओल्या अंगानं फरशीवर पडून होते, दात वाजत होते. रडले, अल्लाला शिव्या घातल्या, मग माफी मागितली."

"आणि मग?"

"मग फोन गळ्यात अडकवून नहायला जायला लागले. शेजारणीकडे किल्ली ठेवली. भीती जात नाही, वसू. भाभीकडे होते तेव्हापण होती, फक्त दुसरी होती."

दुसऱ्या दिवशी मी कराडच्या शेजारणीला, शांताबाईंना फोन केला. सकाळ-संध्याकाळ कामाला याल का विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही कधी विचाराल म्हणून मीच वाट बघत होते."

निरोप

दादा ठरल्या दिवशी आला. हातात तिळगुळाचा डबा, नफिसाला भेट म्हणून. बसला, पाणी प्यायला, घर कौतुकानं बघितलं. मग त्याची नेहमीची काळजी सुरू झाली. जनाबायला म्हणाला, "मावशी, हिनं जेवण नीट घेतलं ना? गोळ्या घेते का वेळेवर? सामान भरलंय का हिचं?"

जनाबाय खिडकीतून कबुतरं शोधू लागली. दादानं आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेव्हा मात्र ती वळली आणि अगदी मऊपणे म्हणाली, "त्यांनाच इचारा ना. त्या हितंच हायेत."

दादाचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, आणि वाटलं की आत्ता बोलले नाही तर परत बोलणार नाही.

"दादा, मी पुण्याला येत नाही. कराडला राहणार आहे. शांताबाईंशी बोललेय मी."

त्यानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मी आईला शब्द दिलाय, वसू. तुला एकटी सोडणार नाही म्हणून."

"सोडू नकोस ना. येत जा, वहिनीला घेऊन ये, फोन कर. सोड म्हणत नाही मी. उचलून नेऊ नकोस, एवढंच."

त्याचे डोळे भरले. माझेही भरले. नफिसानं विषय बदलायला सगळ्यांना शीरखुर्मा वाढला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी! दादानं दोनदा घेतला, पण मान वर केली नाही.

निघताना जनाबायनं माझ्या पदरात गवती चहाची जुडी बांधली. नफिसा गेटपर्यंत आली. "पडलीस की फोन कर," म्हणाली. "मी हसेन, पण उचलेन. फोन." मी तिला घट्ट धरलं. तिच्यावर माझा इतका जीव आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तेही सांगून टाकलं.

गाडी हायवेला लागली. मी विचारलं, "कुठं नेतोयस?"

"पुण्यापर्यंत रस्ता एकच आहे," तो म्हणाला. "पुढचं पुढं बघू."

घाटाच्या अलीकडे एका हॉटेलपाशी गाडी थांबली. दादा सवयीनं उतरला. इतकी वर्षं हे असंच चालत आलंय. सगळे आत टेबलाशी बसतात आणि माझा चहा गाडीत येतो, काचेतून. तो चार पावलं गेला, थांबला, परत आला आणि खिडकीशी वाकला.

"वसू, तुला साखर किती लागते गं?"

त्यानं ते इतकं ओशाळून विचारलं की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"अर्धा चमचा. आलं नको. आणि मला आत बसून प्यायचाय."

हॉटेलला दोन पायऱ्या होत्या. दादानं डिकीतून खुर्ची काढली, मला तिच्यात बसवलं, पायऱ्यांपाशी आणलं आणि आजूबाजूला बघत हाक मारली, "ओ भाऊ, जरा हात लावता का? हिला उचलायचंय."

"कुणी नको," मी म्हटलं. "तू एकटा पुरे आहेस. खुर्ची उलटी फिरव."

त्यानं फिरवली.

"मोठी चाकं पायरीला टेकव. हँडल खाली दाब, मला मागं झुकव. आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस, म्हटलं की लगेच थांब."

मी मागं झुकले. वर त्याचा चेहरा उलटा दिसत होता, केस पांढरे झालेले, कपाळावर घाम. माझा दादा हँडल धरून उभा होता आणि मी पुढं काय सांगते याची वाट बघत होता.

"आता ओढ," मी म्हटलं.